अमरावतीची वायर

वामनराव ढोरे या माणसावर मी जितकी चिडले आहे, तितकी आयुष्यात फार थोड्या लोकांवर चिडले असेन. आणि तरीही उद्या कुणी मला म्हणालं, की या कॉलेजातला एकच माणूस ठेवा, बाकी सगळे घरी पाठवा, तर मी वामनरावांनाच ठेवीन. प्राचार्यांना राग येईल. येऊ दे.

मी माधवी खंडारे, अकोल्याच्या या कॉलेजात ग्रंथपाल. वामनराव आमचे शिपाई. मूळचे दर्यापूरकडचे, तिथली थोडीशी काळी जमीन भाऊ कसतो, हे तरुणपणी इथे नोकरीला लागले आणि इथेच मुरले. अंगानं काटकुळे, आवाज खर्जातला, बोलणं कमी. वस्तूंना जीव असतो अशी त्यांची पक्की समजूत आहे. उन्हाळ्यात माठाला ओलं पोतं गुंडाळणं कुणीही करतं, पण हे पोरांच्या सायकलीसुद्धा ऊन फिरेल तसतशा सावलीत हलवतात. ग्रंथालयातला जुना पंखा ऐन दुपारी बंद करतात. का, तर तो सकाळपासून फिरून थकला. खाली आम्ही घामानं निथळतो त्याचं काही नाही. मी ओरडले की मुकाट्यानं पंखा लावतात आणि मी वळले की पुन्हा बंद. असा हा माणूस.

आमचा दुपारचा डबा बरोबर असे. ग्रंथालयाच्या मागच्या बाजूला एक टेबल आहे, तिथे. त्यांच्या डब्यात भाकर, ठेचा, कधी झुणका. माझ्या डब्यात बहुतेक वेळा वांग्याची भाजी, आणि ती अर्ध्याहून जास्त त्यांच्याच भाकरीवर जायची. त्यांची एकुलती एक लेक प्रणाली शाळा सुटली की सरळ ग्रंथालयात यायची, वर्तमानपत्रांच्या टेबलावर गृहपाठ करायची आणि पेपरावरच डोकं ठेवून झोपी जायची. वामनराव येऊन तिच्या गालाखालचा पेपर हळूच ओढून घेत, गालाला शाई लागू नये म्हणून, आणि त्या जागी स्वतःचा रुमाल घडी करून ठेवत. पुढे पोरीनं अमरावतीला इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केला आणि तिथेच एका कंपनीत लागली. शाळा-कॉलेजं, दवाखाने, पतपेढ्या यांच्या इंटरनेटची देखभाल करणारी कंपनी. त्या दिवशी वामनरावांनी कॉलेजभर पेढे वाटले. दुसऱ्या दिवशी पुन्हा वाटले, कारण वॉचमन सुटीवर होता आणि त्याचा राहिला होता. मग एकट्यालाच कसा द्यायचा.

आणि मग ललित आला. ललित तायडे, चांदूर बाजारचा, अमरावतीच्या एका दवाखान्यात प्रयोगशाळेत काम करणारा. शांत, कामसू, दिसायला बरा. बौद्ध घरातला. वामनरावांच्या दृष्टीनं एवढ्या शेवटच्या गोष्टीपाशी सगळं अडलं. ते ओरडले नाहीत, पोरीवर हात उगारला नाही, कुणाला धमकी दिली नाही. फक्त लग्नाला गेले नाहीत. पार्वताबाई, म्हणजे त्यांची बायको, एकटी पिशवी घेऊन एसटीनं गेली, लेकीवर अक्षता टाकून संध्याकाळी परत आली. त्या दिवशी वामनराव नेहमीसारखे कामावर होते आणि सायकली सावलीत हलवत होते.

मी बोलल्याशिवाय राहणाऱ्यातली नाही. दुसऱ्या दिवशी डबा उघडतानाच विचारलं, ‘वामनराव, माझ्या डब्यातली भाजी तुमाले इतकी वर्सं चालली. मंग माझ्यासारख्याच घरातला जवाई काहून चालत नाही?’

त्यांचा हात भाकरीवर तसाच राहिला. ‘ते वेगळं हाय, मॅडम,’ एवढंच म्हणाले.

काय वेगळं आहे, ते सांगा म्हटलं. त्यांनी भाकर परत डब्यात ठेवली. मी डबा झाकला आणि उठले. मला राग आला होता हे खरं, पण त्याहून जास्त लागलं होतं. आपण ज्याला घरचा समजतो, त्यानं आपल्याला मनातल्या मनात ओसरीवरच बसवलं होतं, हे एकाएकी कळलं की कसं वाटतं ते मी इथे लिहीत बसत नाही. काही दिवस मी दार लावून एकटी जेवले. वामनराव दाराबाहेर स्टुलावर बसत, डबा मांडीवर, न उघडलेला. तास संपल्याची घंटा झाली की तो तसाच घेऊन उठून जात. शेवटी माझ्यानंच राहवेना. दार उघडलं, पण मनातला राग काही सोडला नाही. भाजी वाढत होते आणि रागही ठेवत होते, दोन्ही.

प्रणालीचं नाव त्यानंतर त्यांच्या तोंडून निघालं नाही. पार्वताबाई लेकीशी रोज फोनवर बोलायची, नवऱ्यासमोरच. ते उठून अंगणात जात. ‘जातात, पर लय लांब नाई जात,’ असं पार्वताबाई मला एकदा म्हणाली होती.

ग्रंथालयाला लागून एक चिंचोळी खोली आहे, पूर्वी जुन्या वर्तमानपत्रांचे गठ्ठे असायचे ती. कॉलेजचं इंटरनेट सांभाळणारं यंत्र, ज्याला राउटर म्हणतात, ते नवीन आलं तेव्हा तिथेच एका लोखंडी मांडणीवर बसवलं. बसवायला कंपनीचा अश्विन आला होता. बोलका पोरगा. वामनराव त्याच्यासाठी बॅटरी धरून उभे होते, मी दारात होते. अश्विन एकेक वायर खोचत होता आणि सांगत होता, ही बाहेरून येणारी, ही कार्यालयाची, ही लॅबची. मग एक काळी वायर त्यानं अगदी कडेच्या खाचेत लावली आणि म्हणाला, ‘हिच्यातून तुमच्या कॉलेजचं काहीच जात-येत नाही काका. ही मॅनेजमेंटची. अमरावतीच्या ऑफिसातून ह्या यंत्राले रोज इचारतात, बरा आहेस का, गरम झाला का. बाकी सगळं बंद पडलं, तरी हिच्यातून इचारता येते.’

‘अमरावतीहून कोन इचारते?’ वामनरावांनी विचारलं.

‘अकोल्याची सगळी यंत्रं प्रणाली मॅडमकडं हायेत,’ अश्विन म्हणाला. त्या बिचाऱ्याला काहीच माहीत नव्हतं. बॅटरीचा उजेड थोडा हलला, इतकंच मी पाहिलं.

त्या दिवसापासून ती काळी वायर वामनरावांनी दत्तक घेतली. पायात येऊ नये म्हणून भिंतीला खिळे ठोकून वर बांधली, उंदरांसाठी तिच्यावर जुन्या पाइपचा तुकडा चढवला. झाडायला येणाऱ्या मैनाबाईला ताकीद दिली की त्या खोलीत केरसुणी आपटायची नाही, आणि ‘अमरावतीच्या वायरले’ तर हातच लावायचा नाही. मैनाबाई माझ्याकडे तक्रार घेऊन आली की म्हाताऱ्याचं डोकं फिरलं. मी म्हटलं, फिरलं नाही बाई, जागेवर यायला बघतंय, पण येत नाही.

माझ्या मनात रोज येई की हाताला धरून त्यांना सांगावं, अहो, खिशात फोन आहे, उचला आणि बोला. पण मीही हट्टी. मी का सांगू? ज्यानं तोंड फिरवलं त्यानंच वळवावं, असं माझं म्हणणं होतं. आणि खरं सांगते, मला भीतीही होती. माणूस साठीकडे झुकलेला, साखर वाढलेली. हे असंच राहिलं आणि एक दिवस बोलायचं राहूनच गेलं, तर ती पोर जन्मभर स्वतःला खात बसेल.

यंदा एप्रिलातच अकोल्याचं ऊन डोक्यात जायला लागलं. एका सकाळी येऊन बघते तर त्या चिंचोळ्या खोलीत कूलर. मोठा, पत्र्याचा, वाळ्याच्या जाळ्यांचा, थेट यंत्राकडे तोंड करून ठेवलेला आणि सुरू. ओलसर गार वारा माझ्या टेबलापर्यंत येत होता. मला वाटलं कॉलेजनं घेतला. दोन दिवसांनी पार्वताबाई आली आणि खुर्चीत बसून कपाळाला हात लावला. कूलर त्यांच्या घरचा होता. हातगाडीवर घालून वामनरावांनी कॉलेजात आणला होता आणि बायकोला सांगितलं होतं की आपण गच्चीवर झोपू. ‘आमी दोघं गच्चीवर मच्छरं मारून राहिलो, अन् मशीन कूलरमंधी,’ ती म्हणाली. मी खूप हसले. हे त्यांचं नेहमीचंच, सायकलीसारखं, पंख्यासारखं, असं समजून मी सोडून दिलं. वामनराव सकाळ-संध्याकाळ बादल्या भरून त्यात पाणी टाकत आणि मी येता-जाता त्यांना टोमणे मारत असे, की एकदा यंत्राला पन्हंही पाजा.

मे महिन्यात परीक्षा सुरू होत्या. प्रश्नपत्रिका आता छापून येत नाहीत, कॉलेजच्या नोंदलेल्या इंटरनेटवरच येतात, मोबाइलच्या नाही, आणि पेपरच्या थोडं आधी उघडून आमच्याकडेच छापतात. त्या दिवशी सकाळी वीज दोनदा गेली आणि आली. दुसऱ्यांदा आली तेव्हा सगळं उठलं, इंटरनेट उठलं नाही. संगणकाचे सर परीक्षेच्याच कामानं दुसऱ्या केंद्रावर गेलेले. दुपारचा पेपर, बाहेर झाडाखाली पोरं वह्या चाळताहेत, आणि प्राचार्य व्हरांड्यातून नुसते इकडून तिकडे जाताहेत. अशात माझा फोन वाजला.

‘मॅडम, मी प्रणाली.’

लग्नानंतर मी तिच्याशी बोलले होते, पण हा आवाज कामाचा होता. तिला तिकडे पडद्यावर आमच्या यंत्राचा ठिपका लाल, म्हणजे बंद, दिसत होता. बाहेरची वायरही मुकी आणि मॅनेजमेंटचीही मुकी. अमरावतीहून माणूस निघाला तरी पेपरच्या वेळेपर्यंत पोचणार नव्हता. एकच उपाय होता. तुमचा लॅपटॉप त्या खोलीत न्या, त्याला मोबाइलचं इंटरनेट द्या, म्हणजे त्याचा पडदा मला इथे दिसेल. आणि लॅपटॉपपासून यंत्राच्या कन्सोल नावाच्या खाचेत एक वायर लावा, मग मी इथून त्याच्याशी बोलेन. कन्सोल म्हणजे यंत्रात शिरायचं मागचं दार, बाकी सगळी दारं बंद झाली तरी ते उघडं असतं, असं तिनं मला समजावलं. लॅपटॉपचं सगळं मी केलं. पण यंत्राची मागची बाजू भिंतीकडे, मधे वीतभर जागा, आणि माझा देह ईश्वरकृपेनं भरभक्कम.

‘मला जाता येणार नाही ग मागे,’ मी म्हटलं. ‘इथे तुझे बाबाच आहेत.’

  मग ती म्हणाली, ‘द्या त्यांना. स्पीकरवर ठेवा. मॅडम, कॉल रेकॉर्ड होतो इथे.’

मी वामनरावांना बोलावलं, काय करायचं ते सांगितलं, आणि पलीकडे कोण आहे तेही सांगितलं. त्यांनी कूलर बंद करून बाजूला सरकवला आणि अंग चोरून यंत्राच्या मागे शिरले.

‘नमस्कार सर,’ फोनमधून आवाज आला. ‘मांडणीच्या खणात एक फिकट निळी चपटी वायर असेल. मिळाली का?’

‘हो मॅडम,’ वामनराव म्हणाले.

बाप लेकीला मॅडम म्हणत होता आणि लेक बापाला सर. मला हसू येत होतं आणि वाईटही वाटत होतं. तिनं सांगितलं कन्सोलमध्ये लावा, त्यांनी लावली, पडद्यावर काहीच आलं नाही. तिथे दोन खाचा शेजारी-शेजारी, दिसायला अगदी सारख्या, वामनरावांनी दुसरीतच लावली होती. ती जराही न वैतागता म्हणाली, सर, जिच्यावर निळी पट्टी आहे ती. त्यांनी काढून बाजूच्या खाचेत लावली. टक् असा बारीक आवाज झाला आणि लॅपटॉपच्या काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं आली.

मग अक्षरं आपोआप उमटू लागली. अमरावतीत ती लिहीत होती आणि इथे दिसत होतं. वामनराव यंत्राआडून मान वळवून पडद्याकडे बघत राहिले.

‘ते ती लिहून राहिली?’ त्यांनी मला हळूच विचारलं.

मी हो म्हटलं. मधेच एक अक्षर चुकलं, मागे येऊन पुसलं गेलं, पुन्हा उमटलं. ‘घाई करते,’ ते पुटपुटले, ‘लहानपनापासून.’ फोन चालू होता. तिकडे ऐकू गेलं असणार, कारण पडद्यावरची अक्षरं थोडा वेळ थांबली आणि मग सावकाश येऊ लागली.

यंत्र वीज आल्यावर अर्धवट उठून बसलं होतं, ते तिनं पूर्ण उठवलं. दिवे हिरवे झाले, कार्यालयातून कारकून ओरडत आला की प्रश्नपत्रिका आली. प्राचार्य दारातून आभार मानून गेले. माझ्या दृष्टीनं काम संपलं होतं. पण फोन ती ठेवत नव्हती आणि वामनराव यंत्रामागून बाहेर येत नव्हते.

‘सर, एक राहिलं,’ ती म्हणाली. ‘मॅनेजमेंट अजून लाल आहे. कडेची काळी वायर काढून, तिचं तोंड कसं दिसतं ते सांगा.’

‘ते वायर नाई काढत मी,’ वामनराव म्हणाले.

तिला वाटलं त्यांना कळलं नाही. पुन्हा समजावून सांगितलं की कॉलेजचं काही बंद पडणार नाही, ही वायर वेगळी आहे, फक्त आमच्यासाठी आहे.

‘मले मालूम हाय ते कोनासाठी हाय ते,’ वामनराव म्हणाले. ‘तेच नाई काढत. बाकी कोनतीबी सांगा.’

 मग ती म्हणाली, आणि कॉल रेकॉर्ड होत होता हे तिला पक्कं ठाऊक होतं, ‘बाबा. काढा. मी हाय ना इथं.’

वामनरावांनी वायर काढली. खूप हळू काढली. बॅटरी मी धरली होती. वायरीच्या टोकाच्या पितळी पट्ट्यांवर हिरवट थर चढला होता, खाचेतही तसाच. बाकीच्या वायरी कोरड्या होत्या, पण ही कूलरच्या अगदी तोंडाशी होती. मी तसं सांगितलं.

‘हे पान्यानं होते,’ ती म्हणाली. आता तिची भाषाही घरची झाली होती. ‘त्या खोलीत पानी कुठून आलं, बाबा?’

मी तोंड उघडणार होते. वामनरावांनी हातानं मला थांबवलं.

‘कूलर ठेवला मी. घरचा.’

‘मशीनले कूलर? काहून?’

त्यांनी ते हिरवं टोक बोटांत फिरवलं. माझ्यासमोर सांगायचं होतं म्हणून जड गेलं असेल, की तिला सांगायचं होतं म्हणून, कोण जाणे.

‘तो अश्विन आलता मांगच्या महिन्यात,’ ते म्हणाले. ‘म्हने, उन्हाच्यानं तुह्याकडं अकोला पिवळं दिसते, अन् तू घडी घडी पाहत बसते. म्हटलं, तुले चिंता काहून द्या. गार ठेवलं त हिरवं दिसन.’

मी बॅटरी विझवली. इतके दिवस मी टोमणे मारत होते ते या कूलरला. वर्षभर एक शब्द बोलला नाही हा माणूस, आणि लेकीच्या पडद्यावरचा ठिपका हिरवा राहावा म्हणून स्वतः गच्चीवर डास मारत पडला होता. आणि त्याच मायेनं त्यानं दोघांमधली एकुलती एक वायर गंजवून ठेवली होती. माझा राग त्या क्षणी गेला असं मी म्हणणार नाही. पण तो धरून ठेवायला हातात जोर उरला नाही.

तिकडे ती रडत होती. आवाज दाबून, ऑफिसात बसून जसं रडतात तसं. वामनराव वायर हातात घेऊन गोंधळून उभे. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी फोनकडे बोट दाखवलं. सांगायचं ते त्यांचं त्यांनाच सांगायचं होतं.

‘खराब झालं का लय?’ त्यांनी विचारलं.

‘नाई,’ ती नाक ओढत म्हणाली. ‘साफ होते. वायर नवी लावू. अश्विनले पाठवते उद्या.’

‘त्याले नको पाठवू.’

‘मंग?’

वामनरावांनी खिशातून रुमाल काढला, त्या वायरीचं टोक पुसलं, पुसून होणार नव्हतं तरी पुसलं, आणि फोनच्या जवळ वाकले.

‘तुह्या आईनं आंबे पिकू घातले,’ ते म्हणाले. ‘रसाले या.’

 मग तिनं अगदी जपून, जणू मोडेल म्हणून, एकच शब्द विचारला.

‘दोघं?’

‘मंग काय,’ वामनराव म्हणाले, ‘रसाले कोनाची लेक एकटी येते?’